नॅनोट्यूब सेल्सना द्यायच्या आधी तिच्यावर प्रोटीन कसं बसतंय ते बघून घ्या

प्रोजेक्टला नवीन आलेली पोरं पहिला प्रश्न हाच विचारतात, कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अणूंची अतिबारीक नळी, टॉक्सिक असते का? ह्याला हो-नाही असं उत्तरच नाही. कुठली ट्यूब, किती लांब, कशी धुतलेली, वर काय लावलंय ते आधी सांगा. ट्यूब मीडियात (सेल वाढवायच्या द्रावात) नाहीतर रक्तात पडली रे पडली की तिच्यावर प्रोटीनचा थर चढतो, त्याला प्रोटीन कोरोना म्हणतात, आणि सेलची पहिली गाठ पडते ती ह्या थराशी. तो थर कसा बसणार हे ट्यूबच्या पृष्ठभागावर काय आहे त्यावर ठरतं, म्हणून कामाची सुरुवात तिथूनच करायची.

विकत आणलेल्या ट्यूबमध्ये लोखंड, कोबाल्ट, निकेल असले कॅटॅलिस्ट (ट्यूब बनवताना वापरलेले धातू) उरलेले असतात. टीजीए (तापवत नेत वजन किती घटतं ते मोजणं) हवेत चालवा, कार्बन जळून गेल्यावर जे मागं राहतं ते बहुतेक मेटल ऑक्साइड, तो आकडा वहीत लिहून ठेवा नाहीतर पुढं सेल मेल्या तर दोष कुणाचा तेच कळणार नाही. रामन स्पेक्ट्रमही (लेसरचा प्रकाश कसा विखुरतो ते) आधीच काढा, १३५० सेमी⁻¹ च्या आसपासचा डी बँड (भिंतीतल्या दोषांचा) आणि १५८० च्या आसपासचा जी बँड (धड भिंतीचा), कारण ॲसिडनंतर डी-जी गुणोत्तर किती वाढलं ह्यावरून भिंतीला किती मार बसला ते समजतं. कोरडी पावडर उघड्यावर अजिबात हाताळू नका. २००८ साली उंदरांवरच्या प्रयोगात लांब, ताठ मल्टीवॉल (एकात एक अनेक भिंतींच्या) ट्यूबनी ॲस्बेस्टॉससारखी सूज आणलेली दिसली होती, त्यामुळे हूड, ग्लोव्ह्ज आणि मास्क हवेच.

मग ऑक्सिडेशन, म्हणजे ॲसिडनं ट्यूबच्या भिंतीवर ऑक्सिजनवाले गट लावणं. सल्फ्युरिक आणि नायट्रिक ॲसिड ३:१, बाथ सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या पाण्याच्या टबात) काही तास, आणि संपल्यावर ते मिश्रण बर्फाच्या पाण्यात हळूहळू ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. फिल्टर करून पीएच न्यूट्रल येईपर्यंत धुवायचं. इथं बहुतेक जण थांबतात आणि मला मनापासून वाटतं की निम्मे घोळ इथंच होतात. कारण ॲसिडनं ट्यूबच्या भिंतीला कार्बॉक्सिल (-COOH) गट लागतात तसेच जळक्या कार्बनचे बारीक तुकडेही तयार होतात आणि ते ट्यूबला चिकटून राहतात. एकदा पातळ सोडियम हायड्रॉक्साइडनं धुऊन बघा. इतका वेळ खाली नितळ पाणी पडत असतं आणि एकदम कोऱ्या चहासारखं तपकिरी उतरायला लागतं. तो सगळा कचरा, आणि त्याच्यावरचे कार्बॉक्सिल आपण ट्यूबचे म्हणून मोजत होतो! रंग जाईपर्यंत धुवा, मग परत पातळ ॲसिड, परत पाणी. आणि पूर्ण सुकवू नका, एकदा सुकून गोळा झाला की परत नीट सुटत नाही.

आता प्रोटीन. साध्या, काहीच न लावलेल्या ट्यूबवर प्रोटीन बसतं ते हायड्रोफोबिक ओढीनं आणि ट्रिप्टोफॅन, टायरोसिन, फिनाइलॲलनिन ह्या अमिनो ॲसिडच्या रिंगा भिंतीला चपट्या चिकटतात म्हणून. ह्या रिंगा बऱ्याचदा प्रोटीनच्या पोटात असतात, त्यामुळे चिकटताना प्रोटीन थोडंफार उलगडतं. कार्बॉक्सिल लावले की ७.४ पीएचला पृष्ठभाग निगेटिव्ह होतो, मग लायसोझाइमसारखं पॉझिटिव्ह प्रोटीन पटकन ओढलं जातं. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) स्वतः निगेटिव्ह, तरी बसतंच, कारण त्याच्यावरही पॉझिटिव्ह ठिपके आहेत आणि भिंतीचा उघडा भाग उरलेला असतोच. म्हणून निव्वळ झीटा (पृष्ठभागाच्या चार्जचं माप) बघून अंदाज बांधू नका.

मोजायला सोपी पद्धत म्हणजे ठरावीक प्रोटीनमध्ये ट्यूब टाका, ३७ डिग्रीला तासभर ठेवा, सेंट्रिफ्यूज करा आणि वर किती प्रोटीन उरलं ते बीसीएनं (प्रोटीन मोजायची रंगाची टेस्ट) काढा. आधी पाण्यात प्रोटीन मिसळा, बफरचं मीठ नंतर, उलटं केलंत तर मिठानं चार्ज झाकला जातो आणि ट्यूबचे गठ्ठे होतात. दोन कंट्रोल हवेतच, प्रोटीन नसलेली ट्यूब आणि ट्यूब नसलेलं प्रोटीन, कारण प्रोटीन प्लॅस्टिकच्या व्हायललाही चिकटतं. वरच्या द्रावाचं ७५० नॅनोमीटरला रीडिंग घ्या. तिथं प्रोटीन काही शोषत नाही, म्हणजे आकडा दिसला तर ट्यूब अजून वर तरंगतायत आणि तुमचं गणित चुकणार.

प्रोटीनचा आकार बिघडला का ते सीडीवर (वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश किती शोषला जातो त्यातला फरक मोजणं) २०८ आणि २२२ नॅनोमीटरला बघा. प्रोटीनचा फ्लुओरेसन्स (प्रकाश पडल्यावरची चमक) कमी झाला म्हणून लगेच बाइंडिंग झालं म्हणू नका, ट्यूब स्वतःच प्रकाश गिळते, ते करेक्शन केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

प्रोटीन कमी बसावं असं हवं असेल तर पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, पाण्यात विरघळणारा पॉलिमर) लावा. दाट लावलं तर बाइंडिंग बरंच कमी होतं, शून्य नाही होत. लिपिड-पीईजी नुसतं गुंडाळलं तर भिंत शाबूत राहते पण सीरममध्ये ते हळूहळू सुटू शकतं, पक्का बाँड हवा तर कार्बॉक्सिलवर अमाइन-पीईजी जोडा. आणि प्रोटीन बसलं म्हणजे वाईटच झालं असंही नाही, अल्ब्युमिननं झाकलेली ट्यूब सेलला कमी त्रास देते असं पुष्कळदा दिसलंय, तेच सीवनक्यू (C1q, रक्तातलं रोगप्रतिकाराचं एक प्रोटीन) बसलं तर कॉम्प्लिमेंट (रक्तातल्या संरक्षक प्रोटीनची साखळी) सुरू होतं. किती बसलं ह्याच्याबरोबर कोण बसलं हेही बघा, जेल चालवा, त्यात प्रोटीन आकारानुसार वेगळी होतात.

शेवटी सेल टेस्ट. एमटीटीवर (जिवंत सेल रंग बनवतात त्यावरची टेस्ट) एकट्यावर विसंबू नका, त्यातलं फॉर्मझान (तोच जांभळा रंग) सिंगलवॉल, म्हणजे एकाच भिंतीच्या, ट्यूबला चिकटतं आणि जिवंत सेल मेलेल्या दिसतात. माझे तीन आठवडे ह्यात गेले, प्लेटमध्ये जांभळा रंगच येईना आणि मायक्रोस्कोपखाली सेल मजेत पसरलेल्या. डब्ल्यूएसटी-१ (तशीच टेस्ट, पण रंग विरघळणारा) आणि एलडीएच (फुटलेल्या सेलमधून गळणारं एन्झाइम मोजणं) दोन्ही लावा, सोबत सेल नसलेली, नुसत्या ट्यूबची वेल (प्लेटमधला खळगा) ठेवा. एंडोटॉक्सिनही (बॅक्टेरियाच्या कवचातलं विष) तपासा, नाहीतर साध्या बॅक्टेरियाच्या कचऱ्यानं आलेली सूज ट्यूबच्या नावावर जाते. ही टेस्टसुद्धा ट्यूबमुळे बिघडते, म्हणून सँपलमध्ये माहीत असलेलं एंडोटॉक्सिन मुद्दाम घाला आणि तितकंच परत मिळतंय का बघा, नसेल मिळत तर सँपल पातळ करून परत लावा.