गुंतागुंतीचा आजार असलेल्या मुलाचा शाळाप्रवेश : कागदपत्रांची तयारी

अपस्मार, टाइप १ मधुमेह, थॅलेसेमिया, हृदयविकार किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला पहिलीत घालताना पालक बहुधा घरातले सगळे कागद एकाच फाइलमध्ये लावून मुख्याध्यापकांसमोर ठेवतात. माझा आग्रह असा आहे की फाइली दोन कराव्यात, एक प्रवेशाची आणि दुसरी वैद्यकीय. प्रवेश हा मुलाचा हक्क आहे, तर वैद्यकीय माहिती पालक त्याच्या सुरक्षिततेसाठी विश्वासाने देत असतात. दोन्ही एकत्र झाल्या की ‘आधी फिटनेस सर्टिफिकेट आणा, मग प्रवेशाचे पाहू’ असे ऐकावे लागते. आजार लपवावा असा याचा अर्थ मुळीच नाही. आधी अर्ज दाखल करावा आणि लगेच वर्गशिक्षकांना भेटून दुसरी फाइल समजावून सांगावी, एवढाच क्रम पाळायचा आहे.

प्रवेशाच्या फाइलमध्ये जन्मदाखला, आधार, रहिवासाचा पुरावा, फोटो आणि मूल दुसऱ्या शाळेतून येत असल्यास शाळा सोडल्याचा दाखला ठेवावा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही किंवा प्रवेशाची मुदत उलटली या कारणाने मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. रुग्णालयातील मुक्कामामुळे जून महिना हुकलेल्या मुलांसाठी ही तरतूद फार मोलाची आहे. जन्मदाखला, आधार आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्र यांवरील नाव, आडनाव व जन्मतारीख अक्षरश: जुळतात का, हे अर्ज करण्यापूर्वीच तपासावे, कारण शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एकदा झालेली नोंद दुरुस्त करून घेणे वेळखाऊ असते.

मुलाचा आजार २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत बसत असेल, तर यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांग व्यक्तीचे विशेष ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज लवकर करावा. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आणि स्नायूंचा क्षय हे आजारही त्या यादीत आहेत, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाची नोंद असेल, तर सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित शाळांमधील २५ टक्के राखीव जागांसाठी असे मूल वंचित घटकात मोडते आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. या मार्गाने जाताना मात्र प्रमाणपत्राची प्रत प्रवेशाच्या फाइलमध्येच लावावी लागते.

खरी मेहनत दुसऱ्या फाइलवर घ्यावी. जाडजूड केस पेपर शाळेत कोणी वाचत नाही. त्याऐवजी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून सही-शिक्क्यासह एक पान घ्यावे आणि ते शिक्षकांना समजेल अशा मराठीत असावे. आजाराचे नाव, रोजचे औषध, त्याची मात्रा व वेळ, औषध कुठे ठेवायचे, ते कोण देणार, कोणते लक्षण दिसले की काय करायचे आणि कोणत्या टप्प्यावर १०८ ला फोन करायचा, हे त्यावर स्पष्ट हवे. अपस्मार असलेल्या मुलासाठी झटका सुरू झाल्याची वेळ पाहावी, त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये आणि झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर रुग्णवाहिका बोलवावी, अशी थेट वाक्ये लिहावीत. मधुमेह असलेल्या मुलासाठी वर्गात खाण्याची, पाणी पिण्याची, शौचालयात जाण्याची आणि रक्तातील साखर तपासण्याची मुभा लेखी मागावी. साखर ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली गेल्यावर काय व किती द्यायचे, हे डॉक्टरांनीच लिहून द्यावे, आणि अशा मुलाला एकटे सोडू नये ही सूचनाही त्यात असावी. हे पान वर्गशिक्षक, मुख्याध्यापक, क्रीडाशिक्षक आणि स्कूलबसमधील ताई या सर्वांकडे असायला हवे.

काही शाळा ‘काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही’ असे हमीपत्र पुढे करतात. ते घाईत सही करून देऊ नये. त्याऐवजी पालकांचे संमतिपत्र आपणच लिहून न्यावे: डॉक्टरांच्या लेखी सूचनेप्रमाणे औषध देण्यास आमची संमती आहे, औषध व त्याची मुदत तपासण्याची जबाबदारी आमची आहे आणि आणीबाणीत मुलाला अमुक रुग्णालयात न्यावे. प्रत्येक अर्जाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊन पोच जपून ठेवावी. प्रवेश तोंडी नाकारला गेल्यास नकार लेखी मागावा आणि तो मिळाला नाही तरी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, लेखी तक्रार करावी. शिक्षणहक्क कायद्याखालील तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय देणे अपेक्षित आहे.

गैरहजेरी वाढली की पटावरून नाव कमी करण्याची किंवा ‘घरीच शिकवा’ असे सुचवण्याची वेळ येते. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. गृहाधारित शिक्षणाचा पर्याय कायद्याने तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलाला दिला आहे, पण तो निवडणे मुलाच्या व पालकांच्या हाती आहे. शाळेला तो लादता येत नाही. म्हणून रुग्णालयातून घरी सोडताना मिळणारे डिस्चार्ज कार्ड दर वेळी रजेच्या अर्जासोबत जोडावे, आणि दर वर्षी जूनमध्ये वर्गशिक्षक बदलले की सूचनांचे पान नव्या मात्रेसह पुन्हा द्यावे. दिव्यांगत्व प्रमाणपत्र तात्पुरते असेल, तर त्याची मुदत संपण्याच्या काही महिने आधीच फेरतपासणीसाठी अर्ज करावा.