अशांत देशात जाताय? या चुका टाळा

जोखमीच्या देशाची तयारी बहुतेकांच्या लेखी व्हिसा हातात आला की संपते. आत कसं जायचं हे पक्कं असतं. घाईने निघावं लागलं तर कसं निघायचं, हा प्रश्न विमानतळ बंद झाल्यावर पडतो.

व्हिसाची मुदत म्हणजेच मुक्कामाची मुदत समजणं. ९० दिवस वैध असलेल्या व्हिसावर मुक्काम ३० दिवसांचाच असू शकतो. जास्त राहिलात तर दंड किंवा अटक होते ती परत निघताना. पासपोर्ट आणखी सहा महिने वैध हवा, ही अनेक देशांची अट आहेच.

जुने शिक्के न पाहणं. इस्रायलला जाऊन आल्याची खूण दिसली, की लेबनॉन प्रवेश नाकारतो. इस्रायल आता सहसा शिक्क्याऐवजी सुटा कागद देतो खरा, पण इजिप्त-इस्रायल सीमेवरच्या ‘ताबा’ या नाक्यावरचा इजिप्तचा शिक्काही सगळं सांगून जातो.

लस शेवटच्या आठवड्यावर ढकलणं. पीतज्वराचं (यलो फीव्हर) प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं (मग मात्र आयुष्यभर चालतं). वाटेत कुठे विमान बदलणार आहात, त्यावरूनही ते मागतात. पाकिस्तान किंवा अफगाणिस्तानात चार आठवड्यांहून जास्त राहिलात, तर तिथून बाहेर पडताना पोलिओ लसीचा दाखला विचारला जाऊ शकतो.

विमा आहे म्हणून निर्धास्त राहणं. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. साध्या प्रवास विम्यातून युद्ध सहसा वगळलेलं असतं. आपल्याच सरकारने ‘जाऊ नका’ म्हटलेल्या भागात गेलात, तर अनेक कंपन्या साध्या अपघाताचाही दावा फेटाळतात. युद्ध, अपहरण आणि रुग्णाला विमानाने बाहेर काढण्याचा खर्च, या तिन्हींबद्दल कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. एजंटचं ‘सगळं कव्हर आहे’ हे लेखी उत्तर नव्हे. सरकारी सूचनाही अख्ख्या देशाची म्हणून वाचू नका. राजधानी आणि सीमेलगतचा प्रांत यांचे इशारे वेगळे असतात.

औषधं सुटी नेणं. ट्रॅमाडॉल, कोडीनसारख्या वेदनाशामक गोळ्यांवर काही देशांत कडक निर्बंध आहेत. मूळ पाकीट आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. आधी परवानगी लागते का, तेही विचारा.

अडकलात तर

पासपोर्ट हरवला तर दूतावास तात्पुरता कागद देतो, पण त्यावर तुमच्या प्रवेशाचा शिक्का नसतो. मग बाहेर पडायला स्थानिक परवाना लागू शकतो. त्यासाठी उतरल्याबरोबर व्हिसा आणि शिक्का या दोन्हींचा फोटो काढून घरच्यांना पाठवा.

पकडलं गेल्यास ‘माझ्या दूतावासाला कळवा’ असं स्पष्ट सांगा; १९६३च्या व्हिएन्ना करारात ही तरतूद आहे. दुहेरी नागरिकत्व असेल तर मात्र तो देश तुम्हाला आपलाच नागरिक मानून दूतावासाला भेटू न देण्याची शक्यता असते. आपला दूतावासच तिथे नसेल, तर ते काम कोण पाहतं हे निघण्यापूर्वी शोधा.

हवाई मार्ग बंद झाला तर उरतो रस्ता. शेजारच्या देशाचा व्हिसा सीमेवर मिळतो का, हे आधीच बघून ठेवा. निर्बंधांमुळे इराणसारख्या देशात परदेशी कार्ड चालत नाहीत, म्हणून टॅक्सीपुरते तरी डॉलर रोख आणि सुट्ट्या नोटांत जवळ हवेत.