रास्पबेरी पाय ४ : लाल दिवा लागतो, पण बोर्ड सुरू होत नाही

बूटलोडर (बोर्ड सुरू करणारा प्राथमिक प्रोग्राम) अद्ययावत होत असतानाच वीज गेली आणि त्यानंतर माझा रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डावरचा छोटा संगणक सुरूच होईना. लाल दिवा स्थिर, हिरवा दिवा पूर्ण बंद, पडदा काळा. अडॅप्टर व केबल बदलली, दुसऱ्या एसडी कार्डावर नवी प्रणालीही (ऑपरेटिंग सिस्टिम) चढवली; उपयोग शून्य. वैताग आला.

या मॉडेलमध्ये बूटलोडर कार्डावर नसून बोर्डावरच्या ५१२ किलोबाइटच्या ईईप्रॉममध्ये (पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरी चिपमध्ये) असतो, त्यामुळे तोच बिघडल्यास कितीही नवी कार्डे घातली तरी फरक पडत नाही. मात्र मुख्य चिपमधील कायमस्वरूपी रॉम (न बदलणारी मेमरी) त्याआधी कार्डावर 'रिकव्हरी.बिन' ही फाइल शोधतो, ती बूटलोडर नव्याने लिहिते, आणि सुटकेची वाट तिथेच आहे. ती फाइल असलेले कार्ड असे तयार करावे.

रिकामे कार्ड संगणकाला जोडून रास्पबेरी पाय इमेजर (कार्ड लिहिण्याचा प्रोग्राम) उघडावा, मॉडेल निवडावे, मग प्रणालींच्या यादीत 'मिस्क युटिलिटी इमेजेस', त्यात पाय ४ चा 'बूटलोडर' आणि शेवटी 'एसडी कार्ड बूट' निवडून कार्ड लिहावे. कार्डावरचा मजकूर पुसला जातो, हे ध्यानात असू द्यावे. नंतर बोर्डाची वीज बंद करून, यूएसबीची सर्व उपकरणे काढून, कार्ड घालावे व वीज द्यावी. हिरवा दिवा एकसारखा भरभर लुकलुकू लागतो आणि एचडीएमआय पडदा संपूर्ण हिरवा होतो. तरीही किमान १० सेकंद थांबावे. मग वीज तोडून ते कार्ड काढावे आणि नेहमीचे प्रणालीचे कार्ड घालून बोर्ड सुरू करावा.