एक्सने संपणारे शब्द मुलांना असे शिकवा

हर्णैला आमच्या ओटीवर संध्याकाळी पाच-सहा मुलं इंग्रजी शिकायला बसतात. छोटे शब्द शिकवायचे तर शेवटचं अक्षर धरावं, आणि पहिलं एक्सच घ्यावं. एकच अक्षर, पण आवाज ‘क्स’, दोन व्यंजनांचा. मुलांना याची गंमत वाटते.

सुरुवात बॉक्सने करा. बंदरावर मासळीचे बॉक्स रोज दिसतात, अर्थ सांगावाच लागत नाही. मग सिक्स म्हणजे सहा, मिक्स म्हणजे मिसळणं, फिक्स म्हणजे पक्कं बसवणं, वॅक्स म्हणजे मेण, टॅक्स म्हणजे कर.

फॉक्सपाशी मात्र थांबा. सगळे ‘कोल्हा’ सांगतात. पण रात्री आपल्याकडे कुई ऐकू येते तो कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्स म्हणजे खोकड. हे मी आवर्जून सांगते, चुकीचा अर्थ एकदा बसला की निघत नाही. तसंच ऑक्स म्हणजे नांगराचा बैल. वळूला बुल म्हणतात.

आता अनेकवचन. बॉक्सला ई-एस लागून बॉक्सेस, फॉक्सचं फॉक्सेस. ऑक्सचं मात्र ऑक्सन. हा एकटाच वेगळा, पाठच करून घ्या.

शेवटी सॉक्स लिहायला सांगा. परवा एका मुलीने पाटीवर एस-ओ-एक्स लिहिलं. मी तिला एकच मोजा दाखवला: हा सॉक. तिने लगेच एक्स पुसला, सी-के लिहिलं आणि दुसरा मोजा मागून घेऊन पुढे एस जोडला.