डीएनएवरून प्रोटीन काढताना या चुका टाळा, नीटवाल्यांनी तर नक्कीच

कोल्हापुरात राजारामपुरीत क्लास सुटला की चहाच्या गाड्यावर एकच रडगाणं, कोडॉन टेबल, म्हणजे तीन अक्षरांच्या कुठल्या कोडॉनला कुठलं अमिनो अॅसिड त्याचा तक्ता, पाठ हाय तरी उत्तर चुकतंय. भावांनो टेबल पाठ असून काय उपयोग, घोळ त्याच्या आधीच झालेला असतोय, दिशेत.

समजा टेम्प्लेट स्ट्रँड दिलाय, म्हणजे डीएनएचा ज्याच्यावरून एमआरएनए (प्रोटीनचा निरोप नेणारी प्रत) बनतो तो धागा, ५ प्राइम टोकाकडून ३ प्राइम टोकाकडं लिहिलेला: टीटीए एजीसी सीएटी. पोरं काय करतात, डावीकडनं सुरू करून जोड्या (ए ला यू, टी ला ए, जी ला सी, सी ला जी) लावत सुटतात आणि एएयू यूसीजी जीयूए असलं कायतरी काढून मोकळी होतात. यात एयूजी, म्हणजे प्रोटीन सुरू करणारं कोडॉन, कुठंय? प्रश्नात पूर्ण जीन दिलाय आणि एयूजी सापडंना म्हणजे समजायचं आपण उलटं वाचलंय. एमआरएनए ५ कडून ३ कडं बनतो, म्हणून टेम्प्लेट ३ च्या टोकाकडनं, म्हणजे इथं उजवीकडनं वाचायचा. मग येतंय एयूजी जीसीयू यूएए, मेथिओनिन, अॅलानिन आणि स्टॉप. झालं की.

कोडिंग स्ट्रँड, म्हणजे टेम्प्लेटच्या समोरचा धागा, दिला असंल तर जोड्या लावायच्याच नाहीत, नुसतं टी च्या जागी यू घालायचं, पण आधी प्रश्नात कुठला स्ट्रँड म्हटलाय ते तर वाचा, निम्मी जनता तिथंच गंडते.

यूएए, यूएजी, यूजीए हे तीन स्टॉप. त्यांना अमिनो अॅसिड नसतंय, नेहमीच्या कोडमध्ये त्यांचा टीआरएनए (अमिनो अॅसिड आणून देणारा) पण नसतोय, तिथं रिलीज फॅक्टर नावाचं प्रोटीन येऊन साखळी सोडवतोय. म्हणून एयूजी ते स्टॉप धरून ३०३ अक्षरं असली तर अमिनो अॅसिड १००, १०१ नव्हं.

म्युटेशनच्या प्रश्नात एक अक्षर गळालं की पोरं एकच अमिनो अॅसिड बदलतात. अरे तिथनं पुढचे सगळे त्रिकूट सरकतात की! तीन अक्षरांचं अख्खं कोडॉन गेलं तरच एक अमिनो अॅसिड कमी होऊन बाकी गाडी रुळावर राहते. आणि अक्षर गळालंच नाही, नुसतं बदललं, तर फ्रेम, म्हणजे त्रिकुटांची मांडणी, हलत नाही, सिकल सेल आजारात तेच झालंय, हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनच्या एमआरएनएत जीएजी चं जीयूजी आणि ग्लुटामिक अॅसिडच्या जागी व्हॅलिन, सहाव्या नंबरला. एयूजी पासून मोजलं तर ते कोडॉन सातवं येतंय, त्यावरनं वाद घालू नका, सुरुवातीचं मेथिओनिन नंतर कापून टाकलं जातंय म्हणून तयार प्रोटीनमध्ये सहावं.

तेच कारण 'प्रत्येक प्रोटीनच्या सुरुवातीला मेथिओनिन असतंच' हे विधान चूक धरण्याचं.