टेबल टेनिसच्या मॅचवर प्रेडिक्शन मार्केटमध्ये पैसे लावताय? या चुका टाळा

प्रेडिक्शन मार्केट म्हणजे मॅच कोण जिंकणार या अंदाजाचे शेअर घ्यायची-विकायची जागा. आधी एक गोष्ट क्लिअर करतो, मी डॅलसला राहतो आणि इथे चालतं तेच ॲप वापरतो. इथेही काही राज्यं या स्पोर्ट्सच्या मार्केटवरून कोर्टात भांडतायत, तेव्हा आपापल्या राज्याचं बघून घ्या. भारतात मात्र ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन गेम बंदच झालेत, प्रोबो या तिथल्या अंदाज लावायच्या ॲपनेही तेव्हाच पैशांवरचा खेळ थांबवला. तरी माझा पुण्याचा मावसभाऊ फोन करून विचारतोच, "दादा, व्हीपीएन टाकून जमेल ना रे?" नाही जमणार बाळा, आणि पैसे अडकले तर रडायला कुणाकडे जाणारेस?

आता मुद्द्याचं. माझे सगळ्यात जास्त पैसे गेलेत ते प्लेअर चुकीचा निवडल्यामुळे नाही, प्लेअर बरोबर असूनही गेलेत.

"हाच जिंकणार" म्हणून कुठल्याही भावाला घेणं

इथे प्लेअरचा शेअर घ्यायचा, तो जिंकला तर शेअरचे १ डॉलर, हरला तर शून्य. भाव ८८ सेंट असेल तर मार्केट म्हणतंय ८८ टक्के चान्स आहे. तुम्हाला तो ८० टक्के वाटत असेल तर तुमचा लाडका प्लेअर असला तरी तो शेअर महागच आहे, घेऊ नका. साधी गोष्ट आहे पण मॅच सुरू झाली की डोकं चालत नाही, माझंही नाही चालत.

बेस्ट ऑफ फाइव्ह की सेव्हन ते न बघणं

ही चूक जवळपास सगळेच करतात. फाइव्हमध्ये आधी तीन गेम जिंकणारा मॅच घेतो, सेव्हनमध्ये चार. गेम ११ पॉइंटचा, म्हणजे एकदम छोटा, दोनदा बॉल नेटला घासून पलीकडे पडला (नेट कॉर्ड) की गेम फिरला. समजा एखादा प्लेअर १०० पैकी ५५ पॉइंट जिंकतो, तर तो एक गेम जिंकायचा चान्स साधारण ६९ टक्के, बेस्ट ऑफ फाइव्ह मॅच ८२ आणि बेस्ट ऑफ सेव्हन ८६च्या आसपास. मॅच जितकी लांब तितका तगड्या प्लेअरला फायदा. उलट बाजूने बघा, दोघं तोडीस तोड असतील आणि एक जण २-० पुढे असेल तर फाइव्हमध्ये तो ८७.५ टक्के सेफ आहे पण सेव्हनमध्ये ८१च. मी एकदा सेव्हनची मॅच फाइव्हची समजून २-० ला ८६ सेंटला घेतली आणि "आता एकच गेम" म्हणत चहा टाकायला गेलो. परत येऊन बघतो तर तिसरा गेम जिंकलेला आणि मॅच चालूच! पुढे काय झालं ते विचारू नका.

रँकिंगवर आंधळा विश्वास

वर्ल्ड रँकिंग म्हणजे गेल्या वर्षभरातल्या बेस्ट आठ स्पर्धांचे पॉइंट, आजचा फॉर्म नाही. चीनच्या फॅन झेंडाँगने पॅरिसला २०२४चं ऑलिम्पिक गोल्ड घेतलं आणि त्याच डिसेंबरमध्ये रँकिंगमधून स्वतःच बाहेर पडला, मग यादीत त्याचं नाव नाही म्हणून तो कच्चा झाला का? त्याच पॅरिसमध्ये नंबर एकचा वांग चुचीन मिक्स्ड डबल्सचं गोल्ड जिंकला, फोटोग्राफरांच्या गर्दीत त्याची बॅट तुटली आणि दुसऱ्या दिवशी स्वीडनच्या ट्रूल्स मोरेगार्डकडून ४-२ हरला. बॅटमुळेच हरला असं मी म्हणत नाही, पण मॅचआधी ही बातमी वाचायला दोन मिनिटं लागतात.

आणि बॅटवरचं रबर बघा हो. २०२४च्या फेब्रुवारीत बुसानला टीम वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आपल्या ऐहिका मुखर्जीने चीनच्या नंबर एकच्या सुन यिंगशाला ३-१ हरवलं. ऐहिकाची रँक तेव्हा दीडशेच्या पुढे. तिच्या बॅकहँडच्या अँटीस्पिन (बॉलची फिरकी मारणाऱ्या) रबरवरून येणाऱ्या मेलेल्या बॉलशी समोरच्याला जुळवून घ्यावं लागतं. श्रीजा अकुलानेही वांग यिदीला ३-० उडवलं, तरी टाय, म्हणजे दोन टीमची पूर्ण लढत, भारत २-३ असा हरलाच. म्हणजे टायचं मार्केट वेगळं, मॅचचं वेगळं, एकाचा अंदाज दुसऱ्यावर लावू नका.

मार्केट ऑर्डर मारणं

मार्केट ऑर्डर म्हणजे मिळेल त्या भावाला लगेच घेणं. टेबल टेनिसच्या मार्केटमध्ये घेणारे-विकणारे कमी असतात. स्क्रीनवर ६२ दिसतं, तुम्ही २०० डॉलर टाकून बटण दाबता. पण ६२ला विकायला फक्त ४० शेअर होते, पुढचे ६० शेअर ६६ला आणि त्यानंतरचे सगळे ७४ला. सरासरी पडली जवळजवळ ७१. मॅचमध्ये काहीच घडलं नाही आणि ९ सेंट गेले! लिमिट ऑर्डर लावा, म्हणजे जास्तीत जास्त भाव आधीच ठरवून, भरली तर भरली. वर फी असतेच, काही ठिकाणी ती ५० सेंटच्या आसपास सगळ्यात जास्त बसते, आणि घेताना-विकताना दोन्हीकडे.

स्ट्रीम बघत लाइव्ह खेळणं

भाव अचानक उडाला पण स्ट्रीमवर अजून ९-९ आणि प्लेअर टॉवेलने तोंड पुसतोय, असं झालं तर ॲप खराब नाही, तुमचा स्ट्रीम मागे आहे. हॉलमधला पॉइंट संपलाय आणि स्कोअर आधी मिळणाऱ्या फास्ट फीडवाल्यांनी तुमची जुनी ऑर्डर खाऊनही टाकलीय. लाइव्हमध्ये लावून ठेवलेल्या ऑर्डर विसरू नका, मुकाट्याने कॅन्सल करा.

मॅच संपली, पैसे का नाही आले?

बहुतेक वेळा रिझल्ट कन्फर्म व्हायला वेळ लागतो, थांबा. प्लेअरने मध्येच मॅच सोडली किंवा वॉकओव्हर मिळाला तर मात्र नियम वाचा, कुठे पुढच्या राउंडला गेलेला प्लेअर जिंकला धरतात, कुठे ५०-५० वाटतात. हे घेण्याआधी वाचायचं असतं, नंतर सपोर्टला मेल टाकून काही होत नाही, मी टाकून बघितलाय.

आणि नाव नीट वाचा. लिन शिदोंग, लिन गाओयुआन, लिन युन-जू, तिघंही "लिन" आणि तिसरा तर तैवानचा. जपानचे हारिमोतो भाऊ-बहीण दोघं, फ्रान्सचे लब्रन भाऊ दोघं, फेलिक्स आणि अलेक्सिस. मला फेलिक्स हवा होता, पण दोघांची मॅच एकाच दिवशी होती आणि घाईत अलेक्सिस घेतला, दुसऱ्या गेमपर्यंत कळलंच नाही. तो जिंकला, मला १९ डॉलर मिळाले आणि बायकोला अजून वाटतं मी अभ्यास करून घेतला होता.