लेख लिहायच्या आधी आराखडा कसा करावा

समजा, १२ जानेवारीच्या, म्हणजे सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या स्मृतिदिनाच्या निमित्ताने कॉलेजच्या अंकासाठी तुम्हाला १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर, म्हणजे इंग्रजांनी शहरात लावलेल्या लष्करी कायद्यावर ६०० शब्द लिहायचे आहेत. माहिती हाताशी आहे, म्हणून आपण थेट 'सोलापूरला मोठा इतिहास आहे' असं पहिलं वाक्य लिहितो. मग भुईकोट किल्ला येतो, गिरण्या येतात, सिद्धेश्वर येतात आणि चार हुतात्म्यांपर्यंत पोचेतो जागा संपते. ही अडचण आराखड्यात अर्ध्या तासातच दिसते. सगळा लेख लिहून झाल्यावर कळली, तर तो पुन्हा लिहावा लागतो.

सुरुवात पाठकोऱ्या कागदावर करा. विषयाबद्दल जे आठवेल ते सगळं उतरवा, क्रम लावू नका: मे १९३० मध्ये गांधीजींना अटक, ८ मेचा गोळीबार, १२ मेला मार्शल लॉ, गिरणी कामगार, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, शहरातले चार पुतळे.

आता सगळ्यांत अवघड काम. हा लेख वाचकाला नेमकं काय सांगणार आहे, ते एका वाक्यात लिहा. 'मार्शल लॉची माहिती' हे उत्तर नव्हे, तो विषय झाला. 'चौघा हुतात्म्यांची नावं एका ओळीत वाचली तरी सोलापूरच्या लढ्यात कोण कोण होतं ते कळतं', हे उत्तर झालं. असं वाक्य सापडलं की काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे तेच ठरवतं. किल्ला आपोआप गळतो. गिरण्यांचा इतिहासही जातो, गिरणी कामगार मात्र राहतात. वाक्य सापडत नसेल तर पुढे जाऊ नका. घाईने केलेला आराखडा नुसती यादी होऊन बसतो.

मग मुद्दे लिहा, पण पूर्ण वाक्यांत. माझ्या मते आराखड्याचा सगळा फायदा इथे आहे. शाळेपासून आपण 'प्रस्तावना, कारणे, परिणाम, उपसंहार' असे मथळे लिहायला शिकतो आणि त्यालाच आराखडा समजतो. मथळा कसलंच विधान करत नाही. 'कुर्बान हुसेन' एवढंच लिहिलं की मुद्दा झाला असं वाटतं. 'कुर्बान हुसेन कामगारांमध्ये काम करत आणि गझनफर हे वृत्तपत्र चालवत' असं लिहायला गेलं की आपल्याला खरोखर काय ठाऊक आहे ते समोर येतं. श्रीकिसन सारडांबद्दल असं वाक्य सुचत नाही? मग आजच सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन वाचा. अर्धा लेख लिहून झाल्यावर हे लक्षात आलं असतं, तर तिथे 'थोर देशभक्त' असं काहीतरी भरलं गेलं असतं, आणि या चौघांना तसं उरकणं बरं नव्हे.

ही वाक्यं वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून टेबलावर मांडा आणि हलवून पाहा. तारखांचा क्रम सोपा असतो, पण तोच योग्य असेल असं नाही. आपलं मुख्य वाक्य चार नावांचं आहे, तर येरवड्याच्या फाशीपासून सुरुवात करून मे महिन्याकडे मागे जाता येईल. मांडलेला क्रम मोठ्याने वाचा. दोन वाक्यांमध्ये 'म्हणून' किंवा 'पण' बसत असेल तर जोड पक्का आहे. सारखं 'आणि मग' म्हणावं लागत असेल तर तिथे एक चिठ्ठी कमी आहे किंवा जास्त.

शेवटी शब्द वाटून द्या: सुरुवातीला ८०, मेच्या घटनांना १३०, चौघांना मिळून ३००, आजच्या पुतळ्यांना ९०. आकडे काटेकोर पाळायची गरज नाही. मेच्या घटनांवर लिहिता लिहिता २५० शब्द झाले, तर चौघांची जागा कुठे गेली ते लगेच कळतं.

लिहिताना नवा मुद्दा सुचला आणि तो चांगला असला, तर आराखडा बिनधास्त बदला. फक्त बदल आधी चिठ्ठीवर करा आणि मुख्य वाक्याशी ताडून पाहा. कच्चा लेख झाला की प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात त्याचा सारांश एका वाक्यात लिहा. ज्याचा सारांश एका वाक्यात येत नाही, त्या परिच्छेदाचे दोन करा.